रसायन अभियंता आणि पॉलिमरचे शास्त्र

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेले भाषण)



या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. 1980 च्या दशकात याच ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर मी रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले. त्यामुळे येथे पाहुणा म्हणून बसताना थोडा संकोच वाटतो. मघाशी एका गुणवंत विद्यार्थ्याने मला विचारले, "काका, केमिकलला प्रवेश घेतल्यावर पॉलिमरचा ऐच्छिक विषय घ्यावा का? ते तर प्लास्टिकच्या कारखानदारांचे काम आहे ना?" आजचे माझे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर समजावे.

रसायन अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांत आपण द्रवांचे वहन, उष्णतेचे संक्रमण आणि रासायनिक अभिक्रियांचे गणित शिकतो. तेथील बहुतेक उदाहरणे पाणी, हवा, वाफ अशा सुटसुटीत पदार्थांची असतात. पॉलिमरचा विषय सुरू झाला आणि ही सुटसुटीत दुनिया संपली.

पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब साखळी. इथिलीन वायूचे हजारो रेणू एकापुढे एक जोडले गेले की पॉलिइथिलीन तयार होते. एवढे प्रचंड रेणू असू शकतात, हे जर्मन शास्त्रज्ञ हर्मान स्टाउडिंगर यांनी 1920 साली मांडले, तेव्हा अनेक नामवंत रसायनशास्त्रज्ञांनी ते मान्य केले नाही. त्यांना नोबेल पारितोषिक मिळण्यास 1953 साल उजाडावे लागले.

या साखळ्या वितळल्या की एकमेकींत गुंततात. त्यामुळे वितळलेला पॉलिमर पाण्याच्या लाखो पट, कधी कोट्यवधी पट दाट असतो. साखळीची लांबी केवळ दुप्पट झाली, तर हा दाटपणा सुमारे दहापट होतो. शिवाय तो स्थिरही नसतो. वेगाने ढकलले तर हाच रस पातळ होतो. साच्याच्या छिद्रातून बाहेर पडल्यावर तो छिद्रापेक्षा जाड होऊन फुगतो, कारण छिद्रात ताणल्या गेलेल्या साखळ्या आपल्या मूळ वेटोळ्याकडे परत जाऊ पाहतात. आमचे प्राध्यापक म्हणत, "मुलांनो, या पदार्थाला स्मरणशक्ती असते. त्याच्याशी तुम्ही कसे वागलात, हे तो विसरत नाही." त्या वेळी आम्ही हसलो. त्या वाक्याचा अर्थ मला पुढे एका शेतकऱ्याने समजावून दिला.

1990 च्या दशकाच्या प्रारंभी मी ठिबक सिंचनाच्या नळ्या बनविणाऱ्या एका लहान कारखान्यात उत्पादन पाहत होतो. आपल्या भागात ऊस आणि द्राक्षे ठिबकवर नेणारी अनेक कुटुंबे येथे बसली आहेत. ठिबकची नळी काळी का असते, हे त्यांना सांगावयास नको. सूर्याची अतिनील किरणे पॉलिइथिलीनची साखळी तोडतात. ती अडविण्यासाठी नळीत साधारण अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिसूक्ष्म काजळी, मिसळतात. ही काजळी दाण्याच्या रूपात येते, त्यास मास्टरबॅच म्हणतात.

एके वर्षी खर्च वाचविण्यासाठी आम्ही मास्टरबॅचचा पुरवठादार बदलला. मी प्रयोगशाळेत काजळीचे प्रमाण तपासले, ते बरोबर होते. वितळलेला दाणा दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहतो ती चाचणीही बरोबर आली. मागणी मोठी होती, म्हणून मी यंत्राच्या स्क्रूचा वेगही वाढविला. माल गेला.

पुढच्या उन्हाळ्यानंतर एक वयस्कर शेतकरी नळीची भेंडोळी खांद्यावर घेऊन कारखान्यात आले. जागोजाग नळी तडकली होती. पाणी सरीच्या टोकापर्यंत पोहोचलेच नव्हते आणि पिकाचे अतोनात नुकसान झाले होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, नळी काळीच हाय, मग फुटली कशी?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. एका परिचित प्राध्यापकांकडे जाऊन नळीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा कारण दिसले. काजळी होती, परंतु ती गाठींच्या रूपात होती. दोन गाठींमधले पट्टे जवळजवळ कोरे राहिले होते. तेथे उन्हाने साखळ्या तोडल्या होत्या, आणि ताण पडताच गाठींच्या कडेने तडे गेले होते.

हे का घडले, ते मला महाविद्यालयात शिकविले होते. पाण्यात शाई टाकली तर भोवरे तिला पसरवितात. पॉलिमरच्या दाट रसात भोवरे उठतच नाहीत. तेथे मिश्रण होते ते फक्त ताणून, दुमडून, पुन्हा ताणून. आपल्या घरी पुरणपोळीची कणीक तिंबतात तसे. कणीक घाईने तिंबली तर गाठी राहतात, हे आपल्या माता-भगिनी जाणतात. नव्या मास्टरबॅचचा रस आमच्या दाण्यापेक्षा बराच दाट होता, त्यामुळे तो फुटून पसरण्यास अधिक तिंबणे हवे होते. मी मात्र स्क्रूचा वेग वाढवून रसाचा यंत्रातील मुक्काम कमी केला होता. प्रमाण मोजले, पसरण मोजली नाही. परीक्षेत या प्रकरणावर मला उत्तम गुण होते, हे सांगताना आजही लाज वाटते.

कारखान्याने त्या शेतकऱ्यास नळी बदलून दिली. गेलेला हंगाम कोणीही बदलून देऊ शकले नाही. त्यानंतर प्रत्येक नव्या मालाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय मी तो बाहेर जाऊ दिला नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता मूळ प्रश्नाकडे येतो. हा विषय जरूर घ्यावा. दाण्यापासून वस्तू होईपर्यंत जे काही घडते ते सारे द्रवांचे वहन, उष्णता आणि अभिक्रिया यांचेच आहे, आणि त्याचे मूळ शिक्षण रसायन अभियंत्यास मिळालेले असते. पोलादाच्या तुलनेत पॉलिमरमधून उष्णता शेकडो पटींनी कमी वाहते. यंत्रात दाणा वितळतो तो बहुतांशी बाहेरच्या हीटरमुळे नव्हे, तर स्क्रूच्या घर्षणाने. तापमान चुकले तर साखळ्या तुटतात. पेटच्या दाण्यात नाममात्र ओल राहिली तरी वितळताना तीच ओल साखळी कापते, म्हणून तो आधी तासन्‌तास तापवून सुकवावा लागतो. एकाच रसायनापासून उत्तम वस्तूही होते आणि निकृष्टही. फरक पडतो तो वागणुकीने.

शिकण्याच्या सोयी आपल्या राज्यात आहेत. मुंबईस 1933 साली स्थापन झालेली यूडीसीटी आज रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरवर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे, डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे पॉलिमरच्या वहनावरील कार्य तेथलेच. 1968 साली चेन्नईस सुरू झालेल्या सिपेट संस्थेचे केंद्र छत्रपती संभाजीनगर येथे आहे, आणि तेथे यंत्रावर हात ठेवून शिकता येते. पुस्तकाबरोबर यंत्रापाशीही उभे राहा, आणि यंत्र चालविणाऱ्या कामगारास प्रश्न विचारण्यात कमीपणा मानू नका.

आणखी एक काम तुमच्या पिढीची वाट पाहत आहे. महाराष्ट्राने 2018 साली आणि केंद्र शासनाने 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. बंदीने कचरा कमी होईल, परंतु शेतातल्या जुन्या नळ्या, पोती आणि बाटल्या यांचे काय? दोन निरनिराळे पॉलिमर एकत्र वितळविले तरी बहुधा ते एकजीव होत नाहीत. पेटमध्ये थोडेसे पीव्हीसी गेले तरी ते त्या तापमानात आम्ल सोडते आणि सारा घाणा बिघडतो. प्रत्येक वेळी वितळविताना साखळीची थोडी हानी होतेच. भंगारातून पुन्हा विश्वासाने वापरता येईल असा माल काढणे हे कठीण शास्त्र आहे. आणि त्या मालास नवा म्हणून न विकता पुनर्वापराचा म्हणूनच विकणे, ही आपल्यापैकी जे व्यापारात आहेत त्यांची जबाबदारी आहे. ग्राहकास दाणा पाहून फरक कळत नाही. तो कळतो दोन उन्हाळ्यांनंतर.

त्या शेतकऱ्याने आणून दिलेल्या नळीचा एक तुकडा आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. ज्या विद्यार्थ्याने मला प्रश्न विचारला, त्याने केव्हाही घरी यावे. तो तुकडा मी त्याच्या हातात देईन आणि तेथून शिकविण्यास प्रारंभ करीन.

ज्या ट्रस्टने मला शिकविले, त्याच्या सुवर्णमहोत्सवास मनःपूर्वक शुभेच्छा देतो आणि माझे भाषण संपवितो.