रुग्णालयांतील लेखणी

इ. स. १८८६ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं आनंदीबाई जोशी यांनीं वैद्यकाची पदवी घेतली, आणि त्याच वर्षीं कोल्हापूर संस्थानानें आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊं केली. परंतु तें काम आनंदीबाईंच्या हातून व्हावयाचें नव्हतें. त्या स्वदेशीं परतल्या त्या आजारी होऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. तें रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय या नांवानें चालूं आहे. कोल्हापूरकर त्याला 'सी. पी. आर.' म्हणतात, आणि 'थोरला दवाखाना' हें जुनें नांवहि लोकांच्या तोंडीं अद्याप आहे.

आनंदीबाईंना विद्येसाठीं समुद्र ओलांडावा लागला. आजचा प्रवास उलट दिशेचा आहे. अमेरिकेंतील रुग्णालयांचे कागद संगणकाच्या जाळ्यांतून क्षणांत भारतांत येतात, आणि ते वाचून प्रत्येक रोगाला व प्रत्येक उपचाराला ठरलेला संकेतांक लावण्याचें काम येथील तरुण-तरुणी करतात. यालाच 'मेडिकल कोडिंग' म्हणतात. त्या संकेतांकांच्या आधारें विमा कंपनीकडे पैशांची मागणी करणें व ती वसूल होईपर्यंत तिचा पाठपुरावा करणें हें 'मेडिकल बिलिंग'. आणि रुग्णाची नोंद, कागदपत्रांची जपणूक, डॉक्टरांच्या वेळा व हिशेब हें सारें रुग्णालयाचें कार्यालयीन काम. 'घरबसल्या शिका व पगार मिळवा' असें सांगणाऱ्या जाहिराती आतां घराघरांतील मोबाईलवर येऊन पोहोंचतात. बी. एस्सी. होऊन नोकरीच्या शोधांत असलेल्या मुलीनें अथवा मुलानें त्यासाठीं वडिलांचे साठविलेले पैसे भरावेत कीं नाहीं? या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं हें काम मुळांत आहे तरी काय, तें पाहिलें पाहिजे.

रोगांची गणती करण्याची कल्पना नवी नाहीं. लंडन शहरांत दर आठवड्यास मृतांच्या याद्या निघत असत. त्या याद्यांचा अभ्यास करून जॉन ग्राँट नांवाच्या एका व्यापाऱ्यानें १६६२ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. परंतु एकाच रोगाला ठिकठिकाणीं निराळें नांव असेल, तर मोजदाद कशाची करावयाची? आपल्याकडेहि क्षय, राजयक्ष्मा आणि टी. बी. हीं एकाच रोगाचीं तीन नांवें आहेत. उलट 'कावीळ' हा एकच शब्द निरनिराळ्या अनेक विकारांना लावला जातो. हा घोळ मिटावा म्हणून जाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानें मृत्यूच्या कारणांची एक यादी तयार करून ती १८९३ सालीं शिकागो येथील परिषदेपुढें मांडली. १९४८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें या यादीची जबाबदारी घेतली, आणि तेव्हांपासून तींत केवळ मृत्यूच्या कारणांनाच नव्हे, तर एकंदर आजारांना स्थान मिळालें. तिची दहावी आवृत्ति १९९० सालीं मान्य झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली. आणि १० जानेवारी २०२४ रोजीं आयुर्वेद, सिद्ध व युनानी या पद्धतींतील व्याधींचे संकेतांकहि दिल्ली येथें प्रसिद्ध झाले. आनंदीबाईंना क्षयानें नेलें असें त्यांच्या चरित्रांतून सांगितलेलें आहे; बर्तियोंची यादी त्यानंतर सहा वर्षांनीं आली. आज त्या रोगासाठीं दहाव्या आवृत्तींत ए१५ ते ए१९ अशी जागा राखलेली आहे, आणि ती कोल्हापुरांत व फिलाडेल्फियांत एकच आहे.

अमेरिकेनें या दहाव्या आवृत्तीचा स्वतःपुरता मोठा विस्तार केला व तो १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केला. त्यांतील संकेतांकांची संख्या सुमारें ७०,००० आहे. मनगटाजवळ हाड मोडलें, तर मूळ यादींत एस५२.५ एवढें लिहून भागतें. अमेरिकन विस्तारांत मात्र हात उजवा कीं डावा, आणि रुग्ण प्रथम उपचारासाठीं आला आहे कीं पुढील तपासणीसाठीं, हेंहि सांगावें लागतें. उजव्या हाताला ५२.५०१ आणि डाव्याला ५२.५०२. फरक एका आंकड्याचा. पण डॉक्टरांच्या टिपणांत एक हात व बिलांत दुसरा हात दिसला, कीं विमा कंपनी बिल परत पाठविते, आणि त्याचा मनस्ताप शेवटीं रुग्णापर्यंत पोहोंचतो. याखेरीज उपचारांचे संकेतांक निराळे. ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ पासून चालविलेल्या व आतां पंचअंकी असलेल्या पद्धतीनें लावावे लागतात.

एवढे आंकडे पाठ कसे करावयाचे, अशी धास्ती नवशिक्यास वाटते. वस्तुतः ते कोणीच पाठ करीत नाहीं. अमेरिकेंतील ए. ए. पी. सी. या संस्थेची 'सी. पी. सी.' नांवाची परीक्षा या व्यवसायांत सर्वत्र ओळखली जाते. तींत १०० प्रश्न व ४ तास असतात, आणि संकेतांकांचीं पुस्तकें समोर ठेवूनच ती द्यावयाची असते. म्हणजे परीक्षा स्मरणशक्तीची नसून वाचनाची आहे. एक उदाहरण पुरेसें आहे. छातींत कळ येते म्हणून एक गृहस्थ बाह्यरुग्ण विभागांत आले आणि डॉक्टरांनीं लिहिलें, 'छातींत वेदना. हृदयविकाराच्या झटक्याची शंका.' घाईचा लेखनिक लगेच झटक्याचा संकेतांक, म्हणजे आय२१, लावील. परंतु अमेरिकन नियम असा, कीं बाह्यरुग्णाच्या बाबतींत शंकेला संकेतांक नाहीं. जें निश्चित आहे तेवढेंच लिहावयाचें, आणि निश्चित आहे ती केवळ छातींतील वेदना, म्हणजे आर०७.९. शंका हा निर्णय मानला गेला, तर न झालेला हृदयविकार त्या गृहस्थांच्या नांवावर चढतो, आणि पुढें विमा घेतांना तोच त्यांच्या आड येऊं शकतो. डॉक्टरांनीं लिहिलेलें त्याहून कमी वाचावयाचें नाहीं व अधिकहि वाचावयाचें नाहीं, हेंच या विद्येचें सार आहे. बिल फुगावें म्हणून साध्या उपचारास भारी संकेतांक लावणें ही तर चूक नव्हे, लबाडीच.

अशा वाचनासाठीं शरीररचनेचें ज्ञान लागतें, आणि वैद्यकाच्या भाषेचेंहि. ती भाषा ग्रीक व लॅटिन धातूंवर उभी असल्यामुळें प्रथम अवघड वाटते. परंतु संस्कृतांतील संधि व समास फोडण्याची संवय असलेल्या विद्यार्थ्याला ती लवकर साधते. 'हेपॅट' म्हणजे यकृत व 'आयटिस' म्हणजे दाह. म्हणून हेपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह. 'एक्टमी' म्हणजे कापून काढणें. मग अपेंडेक्टमी शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाहीं. असे शंभर-दीडशें धातु आत्मसात् झाले, कीं पुष्कळसे शब्द आपोआप उकलूं लागतात.

हें सारें परदेशाच्या उपयोगाचें, आपल्या शहरास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु कोल्हापुरांत जिल्ह्याबाहेरून, कोंकणांतून आणि सीमेपलीकडील बेळगांव भागांतूनहि रुग्ण येतात. डॉक्टर सकाळीं 'घरीं जा' म्हणतात, आणि विमा कंपनीची मंजुरी येईपर्यंत रुग्ण कपडे करून खाटेवर व नातेवाईक बिलाच्या खिडकीपाशीं बसून राहतात, हा अनुभव पुष्कळ कुटुंबांचा आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणानें मे २०२४ मध्यें असा दंडक घातला, कीं रोख पैसे न भरतां उपचार घेण्याच्या अर्जाचा निर्णय विमा कंपनीनें १ तासांत द्यावा, व घरीं सोडण्याच्या वेळची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यावी. त्याहून उशीर झाल्यास रुग्णालयाचा वाढीव खर्च कंपनीनें सोसावा. परंतु कागद अपुरा अथवा चुकीचा गेला, तर शंकासमाधानाची पत्रापत्री सुरू होते व दंडक असूनहि रुग्ण अडकून पडतो. सरकारी योजनांतहि तेंच. महाराष्ट्रांत २ जुलै २०१२ रोजीं प्रथम ८ जिल्ह्यांत सुरू झालेली व पुढें महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालूं राहिलेली जनआरोग्य योजना, आणि २३ सप्टेंबर २०१८ रोजीं केंद्र सरकारनें सुरू केलेली प्रधानमंत्री जनआरोग्य योजना, यांत ठरलेल्या उपचारास ठरलेली रक्कम मिळते. कोणता उपचार त्या यादींतील कोणत्या नोंदींत बसतो, हें ओळखून कागद पुरे करणारा माणूस रुग्णालयांत नसेल, तर गरिबाचा हक्क कागदावरच राहतो. योजनेच्या रुग्णालयांत बसणारा आरोग्यमित्र वाट दाखवितो. पण ती वाट कागदांतूनच जाते.

आतां शिक्षणाकडे वळूं म्हटल्यास पहिली गोष्ट ही, कीं हा विषय संगणकावरून घरीं शिकतां येतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाहीं, आणि प्रत्यक्ष कामहि पडद्यावरच चालतें. परंतु केवळ व्याख्यानें ऐकून तो येत नाहीं. पोहण्याचें व्याख्यान ऐकून रंकाळ्यांत कोणी उडी घेत नाहीं, तसेंच हें आहे. विद्यार्थ्यानें खऱ्यासारख्या रुग्णपत्रिका, नांवगांव काढून टाकलेल्या, शेंकड्यांनीं वाचल्या पाहिजेत. त्यांवर स्वतः संकेतांक लावले पाहिजेत. आणि जाणत्यानें त्या तपासून चूक कोठें झाली व कां झाली हें सांगितलें पाहिजे. म्हणून पैसे भरण्यापूर्वीं पालकांनीं चार गोष्टी विचाराव्या. पत्रिका किती सोडवून घेणार व त्या कोण तपासणार? पुस्तकें चालूं वर्षाचीं आहेत काय? कारण अमेरिकन रोग-संकेतांक दर १ ऑक्टोबरला व उपचार-संकेतांक दर १ जानेवारीला बदलतात. शेवटीं मिळणारें प्रमाणपत्र केवळ त्या वर्गाचें आहे, कीं मान्यताप्राप्त संस्थेच्या परीक्षेची तयारी त्यांत होते, आणि त्या परीक्षेचें शुल्क आंत धरलें आहे कीं निराळें? आणि अभ्यास मध्येंच सोडावा लागल्यास पैसे परत मिळण्याची अट लेखी आहे काय? 'नोकरीची शंभर टक्के हमी' या शब्दांवर मात्र मुळींच भिस्त ठेवूं नये. नोकरी देणारा एक असतो व हमी देणारा दुसरा. तेव्हां ती हमी कोणीं पाळावयाची, हें कोणीच सांगत नाहीं.

परीक्षा उतरली म्हणजे सारें झालें असेंहि नाहीं. अनुभव नसलेल्या उमेदवारास 'सी. पी. सी.' या अक्षरांपुढें आणखी एक 'ए' लावून उमेदवारीची खूण दिली जाते, व पुढें अनुभवाचा पुरावा दिल्यावर ती निघते. जीवशास्त्र, औषधनिर्माण, परिचर्या, आयुर्वेद अथवा होमिओपॅथी यांच्या पदवीधरांना या कामांत प्रथम पसंती मिळते, हेंहि ध्यानांत ठेवावें. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या पुणें, मुंबई, बंगळूर, हैदराबाद व चेन्नई येथें आहेत. म्हणजे विद्या घरीं मिळाली, तरी पहिल्या नोकरीसाठीं पुण्याची गाडी धरावी लागण्याचा संभव आहे. संकेतांक लावणाऱ्यास दिवसां काम करतां येतें. पण विमा कंपन्यांशीं फोनवर बोलणाऱ्यास त्यांच्या वेळेनें जागावें लागतें, आणि न्यूयॉर्कला सकाळचे ८ वाजतात तेव्हां कोल्हापुरांत हिंवाळ्यांत संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. शिवाय संगणक आतां स्वतःच संकेतांक सुचवूं लागला आहे. त्यामुळें केवळ आंकडे उतरवून काढणाऱ्याचें काम कमी होत जाईल. यंत्रानें सुचविलेलें बरोबर आहे कीं नाहीं, हें मूळ टिपण वाचून सांगणाऱ्याची गरज मात्र राहील.

आणखी एक शिकवण कोणत्याहि पुस्तकाइतकीच महत्त्वाची आहे. रुग्णाचा कागद हा त्याचा गुपिताचा ठेवा आहे. अमेरिकेनें १९९६ सालीं 'हिपा' कायदा करून व भारतानें २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा करून तो जपण्याची व्यवस्था केली. परंतु कायद्याच्या आधीं संस्कार हवा. कोणाच्या मुलीला कोणता आजार आहे, हें दवाखान्याच्या खिडकीआड समजलें, तर तें तेथेंच राहिलें पाहिजे. तें जेवणाच्या पंगतींत किंवा चौकांतील कट्ट्यावर गेलें, कीं एखादें ठरलेलें लग्नहि मोडतें. ज्याला हें मौन साधत नाहीं, त्यानें हा व्यवसाय पत्करूंच नये.

कारकुनी म्हटली, कीं नाक मुरडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण बिलाच्या खिडकीपाशीं ताटकळणाऱ्या माणसास विचारावें, कीं त्या क्षणीं त्याला कोणाची वाट पाहावी लागत आहे. डॉक्टरांचें काम केव्हांच संपलेलें असतें; वाट असते ती एका अचूक कागदाची. ज्या शहरानें १८८६ सालीं आपल्या रुग्णालयासाठीं सातासमुद्रांपलीकडून एका विदुषीस हांक दिली, त्या शहरांतील मुलामुलींनीं रुग्णालयाची ही लेखणीहि त्याच गांभीर्यानें हातीं धरावी. पैसे भरावेत, पण शिकविणाऱ्याची परीक्षा घेऊन. आणि शिकावें, पण कागदाच्या मागें एक आजारी माणूस आहे, याची आठवण ठेवून.