पांच सेंटांचा फरक

चित्रकथांचे अंक ३० ऐवजीं ३५ सेंटांना खपतील काय, हें अजमावण्यासाठीं १९७७ सालीं अमेरिकेंतील मार्व्हल प्रकाशनानें कांहीं अंक मोजक्या ठिकाणीं वाढीव किमतीस विकून पाहिले. ‘स्टार वॉर्स’चा पहिला अंक त्यांतलाच. चित्रें तींच, मजकूर तोच. फरक मुखपृष्ठावरील एका आंकड्याचा! त्या आंकड्यापायीं आज संग्राहक हजारों डॉलर मोजतात. गंमत अशी कीं, मागाहून निघालेल्या पुनर्मुद्रणांवरही ३५ चाच आंकडा आढळतो. तेव्हां इंटरनेटवर घरबसल्या खरेदी करतांना एका छायाचित्रावर भाळूं नये. किमतीचा कोपरा आणि आंतील प्रकाशनाचा तपशील यांचीं जवळून घेतलेलीं छायाचित्रें विक्रेत्याकडे अवश्य मागावीं. शून्याचा पांच करणें कांहीं फारसें अवघड नाहीं. आंकड्याभोंवतींचा कागद खरवडलेला तर नाहीं ना, हें आधीं पाहावें.