डाळिंबाची छाटणी
२०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापूरच्या डाळिंबाला आंबे, मृग आणि हस्त असे तीन बहर येत असले, तरी बागायतदार त्यांपैकी एकच धरतो आणि त्यासाठी पाणी तोडून बागेला ताण दिल्यावर, म्हणजे आंबे बहरासाठी साधारण डिसेंबर-जानेवारीत, हलकी छाटणी करतो. फळे जुन्या काडीवरील आखूड फांद्यांवर धरत असल्याने सरसकट खोल छाटणी नुकसानीचीच ठरते. वाळलेल्या, रोगट, गुंतलेल्या फांद्या आणि बुंध्यालगतचे, अन्न ओढणारे फुटवे काढले की ऊन-वारा झाडात आतपर्यंत खेळतो. तेल्या, म्हणजे जिवाणूजन्य करपा, कात्रीवाटेही झाडाझाडांत पसरतो, म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवण्याचा आणि मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावण्याचा कंटाळा बागेला फार महागात पडतो.