हाडांतील प्रथिन आणि रक्तातील साखर
(मांद्रे येथील ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी भाषण)



हाडे म्हणजे शरीररूपी घराचे निर्जीव खांब, असा समज दीर्घकाळ रूढ होता. शरीराला आधार द्यावा आणि कॅल्शियमचा साठा करावा, एवढेच त्यांचे कार्य मानले जाई. वस्तुतः हाड सजीव आहे. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी नव्याने घडतो. काही पेशी जुने हाड पोखरतात, तर काही नवे रचतात. या अखंड बांधकामाला अर्थातच ऊर्जा लागते.

नवे हाड रचणाऱ्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचे एक लहानसे प्रथिन निर्माण करतात. १९७० नंतरच्या दशकात त्याचा शोध लागला. मनुष्याच्या या प्रथिनात ४९ अमिनो आम्ले असतात. त्यात के जीवनसत्त्वाच्या साहाय्याने विशिष्ट रासायनिक बदल घडला, की ते हाडातील खनिजाला घट्ट धरून राहते. हे जीवनसत्त्व लिंबू-आवळ्यातील ‘क’ जीवनसत्त्वाहून निराळे असून ते मुख्यत्वे हिरव्या पालेभाज्यांतून मिळते. बदल अपुरा राहिलेल्या प्रथिनाची पकड सैल असते व ते रक्तात अधिक उतरते.

२००७ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ जेरार्ड कारसेंटी व त्यांचे सहकारी यांनी एक विलक्षण निष्कर्ष प्रसिद्ध केला. हे प्रथिन निर्माण न करणाऱ्या उंदरांच्या रक्तातील साखर वाढली आणि अंगावर चरबी साचली. रक्तात उतरलेले प्रथिन स्वादुपिंडाला इन्शुलिन निर्माण करण्यास उत्तेजन देते, असा अर्थ त्यातून काढण्यात आला. हाड केवळ भार वाहत नाही, तर इतर इंद्रियांना संदेशही पाठविते, ही कल्पना त्यामुळे पुढे आली.

तथापि शास्त्रात एका प्रयोगाने निकाल लागत नाही. २०२० साली दोन निरनिराळ्या गटांनी अशाच उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा त्यांना साखरेत तसा फरक आढळला नाही. मधुमेही माणसांच्या रक्तात हे प्रथिन कमी असल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे. पण ते कारण की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून या प्रथिनाच्या नावाने कोणी मधुमेहावर गोळी वा चूर्ण विकू लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

गोव्याच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, म्हणजे प्रौढांत शेकडा २६.४ आढळले; देशाचे प्रमाण शेकडा ११.४ होते. मधुमेह दीर्घकाळ राहिल्यास हाडांचा कसही कमी होतो. तपासणीत हाडांची घनता पुरेशी दिसली, तरी ती मोडण्याचा धोका अधिक असतो. वृद्ध स्त्री-पुरुषांना एका पडण्याने अंथरुण धरावे लागते, हे घरोघरी ठाऊक आहे.

प्रथिनाचा वाद मिटेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. हाडांना आणि साखरेच्या नियमनाला, दोहोंनाही हितकर गोष्टी आज ज्ञात आहेत. नित्य चालणे, अंगमेहनत, उन्हात वावर व तंबाखू-मद्यापासून दूर राहणे या त्यांतील मुख्य होत. तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यातील टाकळा, नाचणी आणि काट्यांसह खाता येणारी लहान मासळी हा परसातील व किनाऱ्यावरील आहार हाडांस पोषक आहे. भाताचे प्रमाण मात्र बेताचे असावे.

दोन बाबतींत सावधगिरी हवी. मधुमेहाची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. रक्त न गोठण्यासाठी वॉरफरिन वा तत्सम औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याखेरीज एकाएकी बदलू नये. के जीवनसत्त्वाचा त्या औषधावर परिणाम होतो.

हाडांची मुख्य घडण बालपणी व तारुण्यात होते. म्हणून शिक्षकांनी खेळाचा तास अभ्यासासाठी कापू नये, पालकांनी मुलांना शेता-अंगणातील कामापासून सर्वस्वी दूर ठेवू नये आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्यावी. उद्याच्या मांद्र्याचे आरोग्य आजच्या मुलांच्या हाडांत घडत आहे.