झडतीच्या वेळी गाव कुठे असतं?

रात्री पोलिसांची गाडी गावात थांबली की ज्याच्या दारात थांबली ते घर जागं होतं आणि शेजारची घरं दिवे मालवतात. आपल्याला काय करायचं, असं म्हणून मालवलेल्या त्या दिव्यांबद्दल मला आज बोलायचं आहे.

आपला मानोरा तालुका पोहरादेवीचा, तांड्यांचा. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, तेव्हा झडतीचा हा विषय आपल्या इंझोरी गावाला परका नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. ज्यांची नावं त्या कायद्याच्या यादीत चढली, त्यांच्या घराला दार असून नसल्यासारखं झालं. हजेरी लावायची, परगावी जायला परवाना काढायचा, पोलिस येतील तेव्हा झडती द्यायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण सवय गेली नाही. स्वतंत्र भारतातही पोलिस अशा घरांत शिरून काय करतात, ते लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त वाचा.

घरात शिरणाऱ्या सरकारला लोकांनी अडवलंही आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे सोजीर देवघरापर्यंत गेले. साथ खोटी नव्हती, तपासणीला कारण होतं. पण बायकांची विटंबना व्हायला कारण नव्हतं. पंडिता रमाबाईंनी त्यावर वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. रँडला मारणाऱ्या चापेकरांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. मुंबईच्या मदनपुऱ्याची मात्र कोणी सांगत नाही. ९ मार्च १८९८ रोजी तिथल्या मुसलमान विणकरांनी बारा वर्षांच्या एका आजारी मुलीसाठी आलेलं पथक अडवलं. दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसं मेली. त्या मरणांचा गौरव मी करणार नाही. पण त्यानंतर सरकारला सक्ती सैल करावी लागली.

आज आपल्याकडे त्याहून चांगलं साधन आहे. आधी एक समजून घ्या, वॉरंटशिवाय झडती घेण्याची मुभा कायद्यातच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे तपास अधिकाऱ्याने घाईचं कारण लिहून ठेवायचं आणि त्याची प्रत ४८ तासांत न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. घरवाल्याने अर्ज केला तर ती प्रत त्याला फुकट मिळते. बाईची झडती बाईनेच, मर्यादा राखून घ्यायची. झडतीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे. जप्त मालाची यादी घरवाल्याला द्यावी लागते.

हे सगळं मोडलं तर? राधाकिशन खटल्यात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की अशा झडतीला घरवाला विरोध करू शकेल, पण तेवढ्यावरून सापडलेला माल पुराव्यातून बाद होत नाही. म्हणजे माल खरंच तिथे सापडला का, हा प्रश्न उरतो. आणि त्याचं उत्तर पंच देतो.

त्याच संहितेचं कलम १०३ सांगतं की त्याच वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हवेत. ते तुम्ही आहात. तुम्ही दिवे मालवता, म्हणून ठरलेले पंच येतात, चौकीत बसून सह्या करतात. लेखी हुकूम आल्यावर विनाकारण नकार देणं गुन्हा आहे, तेव्हा जायचंच. आत जाण्याआधी पोलिसांनी आपले खिसे दाखवावेत, असं म्हणायला लाजू नका. वस्तू धान्याच्या कोठीतून निघाली असं पंचनाम्यात लिहिलं असेल आणि तुम्हाला ओसरीवरच उभं केलं असेल, तर तसं लिहायला लावा. लिहीत नसतील तर सही करू नका. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

पारध्यांच्या बेड्यावर झडती असेल तेव्हा हे सगळ्यात जास्त लागतं, कारण तिथे बोलावलं तरी गावातून कोणी जात नाही. माझी विनंती एवढीच आहे की येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. पंच म्हणून जायला कोण कोण तयार आहे, ते तिथे उघड सांगा. त्यात निम्म्या बाया असू द्या, आणि बेड्यावरच्या, तांड्यावरच्या लोकांना ती नावं कळवा.