डोंगा, उलांडी आणि आपली धाम
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. नोकरीची बरीच वर्षं सांगलीत गेली, तेव्हा हा आता हळदीवर नाहीतर नाटकांवर बोलणार, असं काहींना वाटलं असेल. मी होड्यांच्या शर्यतींवर बोलणार आहे. मघाशी चहाच्या वेळी हे सांगितलं तर आपल्या बॅचचा एक जण म्हणालाच, "काऊन बे, उन्हाळ्यात धामला गुडघाभर पाणी नसते, अन् तू होड्या चालवतं?"

सांगलीत पावसाळ्यात कृष्णा भरली की होड्यांच्या शर्यती लागतात. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, समडोळी अशा नदीकाठच्या गावांचे संघ उतरतात. घाटावर आणि आयर्विन पुलावर माणसांची ही गर्दी! गावाची होडी म्हणजे गावाची बैलजोडीच समजा. तिला रंग कोणता द्यायचा, वल्ह्यावर यंदा कोण बसणार, यावर पारावर वाद होतात. मी वैदर्भी माणूस, पहिल्या वर्षी मला हे सगळं पोरखेळासारखं वाटलं. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. सैन्याच्या आणि आपत्ती दलाच्या बोटी आल्या, त्यांनी मोठं काम केलं. पण त्यांच्याबरोबरीने गल्लीबोळांत शिरून म्हाताऱ्यांना उचलून आणणारे हात हे रोज वल्हं मारणाऱ्या पोरांचे होते. कुठल्या गल्लीत ओढ आहे, कुठे विजेची तार पाण्याखाली गेली आहे, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्याच पुरात ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली होडी उलटली आणि अनेक जण गेले. होडी असून भागत नाही. तिच्यात किती माणसं घ्यायची आणि कुणाला "थांब" म्हणायचं, हे ठणकावून सांगणारा माणसाळलेला नावाडी लागतो.

जगभर या खेळाची मुळं अशीच कामातली आहेत. हवाई बेटांवर १९५२ पासून मोलोकाई ते ओआहू अशी समुद्रातली शर्यत होते. एका होडीत सहा जण. होडीच्या बाजूला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकाशी, एक ओंडका पाण्यावर तरंगत असतो; होडी कलली की तो सावरून धरतो. हे ऐकून आपल्याला वाटतं, काहीतरी परदेशी प्रकार दिसतो. अहो, आपल्या कोकणातल्या कोळ्यांच्या होड्यांना हेच असतं, त्याला ते उलांडी म्हणतात! दुसरा प्रकार सर्फ स्कीचा. लांबलचक, अरुंद, वरती बसून दोन्ही बाजूंना पात्याचं वल्हं मारायचं आणि सुकाणू पायाने फिरवायचं. १९१२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट मॅक्वारीला दोघा भावांनी कालवांच्या शेतीवर फिरायला तिचं पहिलं रूप वापरलं. पुढे किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांनी ती बुडणाऱ्याला गाठायला उचलली. शर्यत नंतर आली.

आता आपल्याकडे या. आपला जिल्हा ज्या नदीच्या नावाने ओळखला जातो, तिच्याच काठी ३० जुलै १९९१ ला मोवाड वाहून गेलं. २०४ माणसं. आपल्यातले कितीतरी जण तेव्हा मदतीचे कपडे-भांडे गोळा करत होते. होड्या असत्या तर ती वाचली असती असं मी म्हणणार नाही, ते पाणी तसं नव्हतंच. पण १४ सप्टेंबर २०२१ ला वरुड तालुक्यात झुंजजवळ याच वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले, ते आठवा. दुसऱ्या वर्षी जुलैत वणेचं पाणी हिंगणघाटच्या वस्त्यांत शिरलं. आणि आपण लेकरांना काय शिकवतो? "नदीकडे जाऊ नको." आपण निदान पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. आता विहिरींवर जाळ्या बसल्या, पोट्ट्यांना पाणी फक्त बाटलीतलं माहीत.

नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी गाव, बापाबरोबर विहिरी खोदल्या. २०१२ ला सैन्यात गेला, तिथे वल्हं हातात आलं. सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा आला. तेव्हा पाणी नाही, म्हणून खेळ नाही, हे कारण त्याच्या गावाला चाललं असतं, आपल्याला चालायचं नाही.

माझी सूचना एका मोठ्या स्पर्धेची नाही. मोठी स्पर्धा म्हणजे मांडव, प्रमुख पाहुणे, दोन दिवस बातम्या, आणि मग वर्षभर होडी गोडाउनात उंदरांच्या हवाली. मला हवी आहे मालिका. ऑक्टोबर ते जानेवारी, महिन्यातून एक रविवार, दर वेळी यजमान गाव वेगळं. गुण जोडत जायचे. महिन्याला पाण्यात उतरायचं म्हटलं की होडीची डागडुजी आपोआप होते. पुराच्या पाण्यात नवशिक्याने उतरायचं नाही, म्हणून पावसाळा सोडला. बोर धरण मनात येईल, पण तिथे व्याघ्र प्रकल्प आहे, तो नाद नको. महाकाळीचा धाम प्रकल्प बरा. पाटबंधारे खात्याची परवानगी मात्र रीतसर काढावी लागेल. वर्धेकर धामचंच पाणी पितात, तेव्हा इंजिन नाही, नुसती वल्ही.

शिकवणार कोण? आपल्या भोई-ढिवर बांधवांच्या मासेमारी संस्था आहेत. डोंगा त्यांच्या आजोबांनी चालवला. त्यांना "मदतनीस" म्हणून बोलवायचं नाही, शिक्षक म्हणून बोलवायचं आणि मानधन द्यायचं. आपल्या वर्गात त्या वस्तीतली मुलं होती. किती जण दहावीपर्यंत टिकली, ते आपल्याला माहीत आहे.

आता पैशाचं. या मेळाव्याच्या निधीतून शाळेला प्रवेशद्वार बांधून द्यायचं ठरतं आहे. कमानीवर बॅचचं वर्ष कोरलेलं छान दिसेल, नाही म्हणत नाही. पण शाळेला फाटक आहे, आणि ते उघडतं. त्या पैशात पहिल्या वर्षी दोन होड्या आणि वीस लाइफ जॅकेटं घेऊ. होड्यांवर बॅचचं वर्ष रंगवा हवं तर, मोठ्या अक्षरात! मुलींचा संघ पहिल्या दिवसापासून पाहिजे, "पुढच्या वर्षी बघू" नको. आणि जॅकेट घातल्याशिवाय काठावरून पाय उचलायचा नाही, मग तो आमदार असला तरी.

बाहेर नोंदणीच्या टेबलाजवळ मी एक वही ठेवली आहे. नाव, फोन, रविवारी वेळ देता येईल का, एवढेच रकाने आहेत. शेवटचा रकाना "पोहता येतं का" असा आहे. तो तेवढा खरा भरा. बायको शेजारी उभी असली तरी.