नकाशाच्या वहीतला रकाना

भूगोल शिकणाऱ्याने जोडीला स्कॉटलंडची गेलिक भाषा कशासाठी घ्यावी? तिथल्या विद्यापीठांत याचं उत्तर जुन्या वह्यांतून मिळतं.

एकोणिसाव्या शतकात ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेने तिथली मोजणी केली, तेव्हा डोंगर, ओढे, वाड्या यांची नोंद ‘नेम बुक’ नावाच्या वह्यांत झाली. एका रकान्यात नाव, शेजारी त्याची निरनिराळी स्पेलिंगं आणि पुढे ती सांगणाऱ्यांची नावं. सांगणाऱ्यांचा हा रकाना विद्यार्थ्याने मन लावून वाचावा. जमीनदार, पाद्री, शाळामास्तर यांच्या शब्दाला तिथे वजन. डोंगरातल्या कुरणांत गुरं चारणाऱ्याला गेलिक उत्तम येई, पण लिहिता येतंच असं नाही!

कोणाच्या शब्दाला वजन, यातूनच जमिनीचा प्रश्न पुढे येतो. मेंढपाळीसाठी जमीनदारांनी खोरीच्या खोरी रिकामी केली, माणसं किनाऱ्यावर किंवा कॅनडाला गेली आणि भाषाही त्यांच्यासोबत गेली. १८८६च्या कायद्याने उरलेल्या कुळांना संरक्षण दिलं. १९९७मध्ये तर स्कॉटलंडमधल्या एग बेटाची मालकी रहिवाशांचा सहभाग असलेल्या न्यासाकडे आली. हा सगळा इतिहास केवळ इंग्रजी कागदांवरून शिकणं म्हणजे एकाच पक्षाची साक्ष ऐकणं.

तरीही भाषा संपलेली नाही: स्कॉटलंडच्या २०२२च्या जनगणनेत सुमारे ७० हजार जणांनी गेलिक बोलता येतं असं सांगितलं. स्काय बेटावर १९७३मध्ये स्थापन झालेल्या ‘सावल मोर ओस्टेग’ महाविद्यालयात शिकवण्याचं माध्यमच गेलिक आहे. अगदी नवख्यांसाठीही तिथे वर्ग असतात.